नाद कसा घडवावा : पिंजणापासून सिंथेसायझरपर्यंत

आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गोष्टीला तोटा नाही. आज मात्र मी कापसातून निघणाऱ्या पैशाविषयी नव्हे, तर कापसाच्या कामातून निघणाऱ्या आवाजाविषयी बोलणार आहे. वडीलधाऱ्या मंडळींनी पिंजारी पाहिला असेल. दिवाळी सरली, थंडी पडू लागली की तो गावात यायचा. ओसरीवर आढ्याला आपले धनुष्य, म्हणजे पिंजण, टांगायचा आणि रुईच्या ढिगात तिची तात बुडवून लाकडी ठोका मारायचा. त्या तातीतून असा काही टणत्कार निघे की दोन गल्ल्या पलीकडची पोरे धावत येत. पिंजारी काही गवई नव्हता. पण ठोका हलका की जड, तात ताणलेली की सैल, रुईत बुडालेली की मोकळी, यावर आवाज कसा बदलतो हे त्याच्या हाताला नेमके ठाऊक होते.

आजचा विषय तोच आहे. आवाज निर्माण करणे वेगळे आणि आवाज घडवणे वेगळे. विसाव्या शतकात माणसाने केवळ आवाज घडवण्यासाठी विजेचे एक यंत्र बनवले. त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातले तत्त्व आपल्या घागरीत, मृदंगात आणि संत्र्याच्या ओलितात अगोदरपासूनच आहे. तेव्हा नावाला भिण्याचे कारण नाही.

संगीताच्या पहिल्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला विचारा, तो धडाधड सांगेल की नादाचे गुण तीन : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. उच्चनीचता म्हणजे नाद चढा की उतरता. ती आंदोलनसंख्येवर, म्हणजे एका सेकंदात किती कंपने होतात यावर ठरते. मध्य षड्जाची आंदोलनसंख्या २४० धरली, तर तार षड्जाची ४८० होते, बरोबर दुप्पट. लहानमोठेपणा म्हणजे आवाज हळू की मोठा. आणि जात म्हणजे काय? भिंतीपलीकडे कोणी बासरीवर षड्ज लावला आणि कोणी पेटीवर तोच षड्ज लावला, तर न बघता आपण दोन्ही ओळखतो. स्वर तोच, जोरही तोच, तरी फरक कळतो. तो फरक म्हणजे नादाची जात.

ही जात कशाने ठरते? कोणताही वाद्याचा नाद एकटा येत नाही. २४० चा षड्ज छेडला की त्याच्यासोबत ४८०, ७२०, ९६० असे बारीक नादही निघतात. त्यांना उपस्वर म्हणतात. वरातीत नवरदेवामागे वऱ्हाडी असतात, तसे हे मूळ स्वरामागे चालतात. वऱ्हाडी कोण आणि किती, यावर जशी वरातीची कळा ठरते, तशी उपस्वरांवर नादाची जात ठरते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. पण आपल्या कारागिरांनी ग्रंथाची वाट पाहिली नव्हती.

भजनी मंडळातला मृदंग किंवा पखवाज बघा. वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. काहून लावतात, असे एखादे पोर विचारील. कणकेच्या वजनाने चामडे जड होते, नाद खाली उतरतो आणि भरदार होतो. उजव्या तोंडावरच्या शाईचेही असेच आहे. साध्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साधा ढोल नुसता धडधडतो. मधोमध शाईचे थर दिले की ते उपस्वर जुळून येतात आणि चामडे सुरात बोलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या विलायती नियतकालिकात हे शास्त्रीय रीतीने दाखवून दिले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हे रामन त्याआधी सरकारी हिशेबखात्यात असताना काही काळ आपल्या नागपुरास नोकरीला होते.

रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याकडे मोर्चा वळवला. तंबोऱ्याची तार सपाट, रुंद घोडीवर टेकलेली असते आणि तिच्याखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी बसला की तंबोरा एकदम खुलतो. याला जवारी म्हणतात. युरोपातला नियम असा होता की तारेच्या एखाद्या बिंदूवर छेडले तर ठराविक उपस्वर निघूच शकत नाहीत. तंबोऱ्यात तेच उपस्वर रामन यांना स्पष्ट ऐकू आले, कारण तार घोडीला पुन्हा पुन्हा घासून त्यांना जागे करते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे करायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्या हातांनी नादाला धार लावली. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्याची खंजिरी कशी विसरता येईल? यावलीस १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव तीच खंजिरी नेली. पावसाळी हवेत खंजिरीचे चामडे सैल पडून नाद उतरतो, शेकोटीजवळ धरले की पुन्हा चढतो, हे कोणत्याही खंजिरीवाल्यास माहीत असते. म्हणजे नाद घडवण्याचे ज्ञान आपल्याकडे होते. ते हातात होते, पुस्तकात नव्हते, एवढेच.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मोग नावाचा तरुण अभियंता विजेची वाद्ये करून विकत असे. आडनावाचा उच्चार मोग असा आहे. आपल्या मुगाशी त्याचा संबंध नाही. १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने त्याने एक नवी रचना केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत ती दाखवली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हेही याच वाटेने चालले होते. मोगच्या यंत्रात सुटे सुटे खण होते आणि प्रत्येक खणाचे काम एकच. खण एकमेकांना तारांनी जोडायचे. खणाला इंग्रजीत मॉड्यूल म्हणतात, म्हणून हे मॉड्युलर.

शिकणाऱ्याने पहिल्यांदा चार खण ओळखावेत. चारच पुरेत.

पहिला खण आंदोलकाचा. याचे काम कंपने निर्माण करणे. हा त्या यंत्रातला पिंजारी. त्यातून विजेची लाट निघते आणि लाटेचे आकार निरनिराळे असतात. गोल, गुळगुळीत लाटेत उपस्वर नसतात. तिचा आवाज शिट्टीसारखा साधा येतो. करवतीच्या दातांसारख्या लाटेत सगळे उपस्वर असतात. तिचा आवाज खरखरीत आणि भरलेला. चौकोनी लाटेत एक, तीन, पाच असे विषम उपस्वर तेवढे असतात. तिचा आवाज पोकळ, लाकडी वाटतो. नवशिक्याने करवती लाटेपासून सुरुवात करावी, कारण जिच्यात सगळे आहे तिच्यातून हवे ते निवडता येते.

दुसरा खण चाळणीचा. इंग्रजीत त्याला फिल्टर म्हणतात. पायलीभर धान्य चाळणीत घातले की बारीक खाली पडते आणि जाड वर राहते. ही चाळणी मात्र खालचे जाड नाद पुढे जाऊ देते आणि वरचे बारीक उपस्वर अडवते. मोगच्या प्रसिद्ध चाळणीचा हिशेब असा की अडवण्याच्या सीमेपलीकडे आंदोलनसंख्या दुप्पट झाली की लाटेची उंची सुमारे सोळाव्या हिश्शावर येते. सीमा खाली ओढली की आवाज गोधडीआडून आल्यासारखा मंद होतो. वर सरकवली की उजळतो.

हे समजण्यासाठी यंत्र लागत नाही. एकच स्वर धरा आणि न थांबता ऊ, ओ, आ, ए, ई असे म्हणत जा. स्वर हलला नाही, जोर बदलला नाही, तरी आवाज बदलत गेला. कंठ हा आंदोलक आणि तोंड ही चाळणी. दुसरा दाखला पाणवठ्यावरचा. घागर नळाखाली धरली की पाण्याचा आवाज आधी जाड येतो आणि घागर भरत जाते तसा चढत जातो. पाठमोरी उभी असलेली बाईसुद्धा घागर भरत आली हे कानाने ओळखते. पडणाऱ्या पाण्यात सगळ्या तऱ्हेचे नाद एकत्र असतात. घागरीतली पोकळी आपल्या मापाचा नाद निवडून मोठा करते आणि पोकळी लहान होत जाते तसा तो नाद चढतो. यंत्राच्या चाळणीलाही असा एक खुंटा असतो. तो पिळला की सीमेजवळचा नाद घुमू लागतो आणि फारच पिळला तर चाळणी स्वतःच शिट्टी वाजवू लागते.

तिसरा खण दाराचा. आवाज किती बाहेर सोडायचा हे तो ठरवतो. नादाचा लहानमोठेपणा तो याच्या हाती.

म्हणजे नादाचे जे तीन गुण आपण पाठ केले, त्यांचेच हे तीन खण झाले : उच्चनीचतेचा आंदोलक, जातीची चाळणी आणि लहानमोठेपणाचे दार.

मग चौथा कशाला? नाद काळात जगतो, म्हणून चौथा. देवळातली घंटा वाजवा : आवाज एका क्षणात शिगेला पोचतो आणि मग कितीतरी वेळ विरत जातो. बासरी हळूहळू भरते, फुंक आहे तोवर टिकते आणि फुंक सरली की थांबते. नादाचा हा जन्मापासून मरणापर्यंतचा आलेख ठरवणारा खण म्हणजे चौथा. त्याचे चार टप्पे आहेत : चढ, उतार, टिकाव आणि विराम. कोलंबिया विद्यापीठातले संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी १९६५ साली मोगकडून अशी रचना मागून घेतली. चढ तात्काळ आणि टिकाव शून्य ठेवला की तोच आंदोलक छेडलेल्या तारेसारखा बोलतो. चढ लांबवला की तोच फुंकीच्या वाद्यासारखा भरून येतो. एकाच मातीची चूलही होते आणि रांजणही होतो, तसे हे आहे.

आता या यंत्रातली खरी युक्ती सांगतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे ओलीत ज्यांनी केले आहे त्यांना ती लवकर कळेल. पाणी एकच, पण दांड कुठे फोडायचा आणि बांध कुठे घालायचा यावर कोणत्या आळ्यात किती पाणी जाईल हे ठरते. या यंत्रात पाण्याच्या जागी विजेचा दाब असतो आणि दांडाच्या जागी तारा. एका खणातून निघालेला दाब दुसऱ्या खणाचा खुंटा आपोआप फिरवतो. आंदोलकाला एक व्होल्ट जास्त दिला की नाद एक सप्तक चढतो, असे मोगने प्रमाण ठेवले. म्हणजे षड्जापासून कोमल ऋषभापर्यंत व्होल्टाचा सुमारे बारावा हिस्सा. चौथ्या खणाचा दाब दाराला जोडला तर आवाज उमटतो आणि विरतो. तोच चाळणीला जोडला तर आवाज उजळतो आणि मावळतो. दुसरा एक आंदोलक सेकंदाला पाच-सहा फेऱ्या इतका मंद ठेवला तर तो कानाला ऐकू येत नाही, पण पहिल्या आंदोलकाला जोडला की स्वर डोलू लागतो. जो ऐकू येत नाही तो ऐकू येणाऱ्याला हलवतो!

ही झाली विद्या. आता तिचा आपल्या देशातला इतिहास ऐका, कारण खरा मुद्दा त्यातच आहे.

परदेशी वाद्य-यंत्र आपल्याकडे येणे नवे नाही. पेटी, म्हणजे हार्मोनियम, फ्रान्समधून आली. तिचे पेटंट १८४२ चे. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, म्हणून तिच्यावर मींड निघत नाही आणि श्रुतींना जागा नाही, हा आक्षेप खराच होता. त्यावर आपल्याकडे तीन तऱ्हेची उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर बंदीचे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमला मज्जाव केला आणि तो १९७१ साली सैल झाला. दुसरे उत्तर स्वीकाराचे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने त्याच पट्ट्यांतून असे गायन काढले की ऐकणाऱ्यास तिच्या मर्यादेचा विसर पडावा. तिसरे उत्तर फारसे आठवले जात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साह्याने श्रुतींची वेगळी पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि ती पेटी रूढ झाली नाही. तरी देवलांची वृत्ती मला मोलाची वाटते. त्यांनी यंत्र नाकारले नाही आणि आंधळेपणाने घेतलेही नाही. त्यांनी ते उघडले आणि आपल्या कानाला जुळवायचा प्रयत्न केला.

हीच वृत्ती पुढे अहमदाबादला दिसली. १९५६ ते १९६० या काळात अमरावती, अकोला आणि अहमदाबाद एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. तिथल्या साराभाई कुटुंबाची श्रीमंतीही कापसाची, कापडगिरणीची. गौतम आणि गिरा साराभाई यांच्या पुढाकाराने १९६१ साली तिथे राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्यांची बहीण गीता साराभाई पखवाज वाजवीत. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. मोबदल्यात त्यांनी केजना भारतीय संगीताची दृष्टी दिली. या ओळखीतूनच १९६९ साली केजचे सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादेस आले आणि संस्थेत मोगचे यंत्र उभे राहिले. तुकडोजी महाराजांच्या निधनानंतरचे हे दुसरेच वर्ष. इकडे खंजिरीचा नाद कानात ताजा होता आणि तिकडे आपल्याच देशातली तरुण मंडळी तारा जोडून नाद घडवीत होती.

गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा या मंडळींनी १९७२ पर्यंत त्या यंत्रावर काम केले. जोशीपुरा तर अगदी विशीतले. मोगच्या यंत्रावर मींड काढता येते, कारण दाब हवा तसा सरकवता येतो. पेटीवरचा जुना आक्षेप इथे लागू पडत नव्हता. म्हणजे आपल्या संगीताला सोयीचे असे यंत्र आपल्या हातात आले होते.

पुढे काय झाले? ते काम थांबले. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि जवळजवळ अर्धे शतक त्यांची आठवण कोणी काढली नाही. अखेर पॉल पर्गस या इंग्लंडमधील कलावंताने त्या शोधून काढल्या. २०२० साली बीबीसीवर त्यांच्याविषयी कार्यक्रम झाला आणि २०२३ साली निवडक फितींची तबकडी निघाली. आपल्याच घरातली वस्तू आपल्याला परक्या गावच्या पाहुण्याने दाखवावी, तशातला हा प्रकार.

दरम्यान १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने जपानी विद्युत्-वाद्यांवर दहा रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. तीही तेव्हा फारशी खपली नाही आणि पुढे परदेशी रसिकांनीच उचलून धरली.

श्रोतेहो, यात मला आपल्या कापसाची गोष्ट दिसते. वऱ्हाडाने पिढ्यान् पिढ्या रुई बाहेर धाडली आणि तिचेच कापड गिऱ्हाईक होऊन विकत घेतले. नादाचेही तसेच होऊ घातले आहे. आज अमरावती-अकोल्याकडे लग्नात धुमाल पार्टी येते, तिच्यातही कीबोर्ड असतो. त्यात शेकडो आवाज तयार असतात. बटण दाबले की सनई, दुसरे दाबले की बासरी. वाजवणारा पोरगा हुशार असतो, त्याची बोटे चपळ असतात. पण त्या बटणाआड आंदोलक, चाळणी, दार आणि चढ-उतार हेच आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्याला नाद घडवता येत नाही, तो दुसऱ्याने घडवलेला नाद आयुष्यभर विकत घेतो. माझे भांडण यंत्राशी नाही. न उघडलेल्या यंत्राशी आहे.

उघडायला आता पैसाही फारसा लागत नाही. खऱ्या खणांचे यंत्र आजही महागच आहे. पण २०१७ साली निघालेली 'व्हीसीव्ही रॅक' नावाची प्रणाली संगणकावर फुकट मिळते आणि तिच्यात हेच खण, याच तारा पडद्यावर जोडता येतात. ज्या शाळेत एक बरा संगणक आहे तिथे हे होऊ शकते. गुरुजींनी पुढील क्रम धरावा. करवती लाटेचा आंदोलक घ्यावा. तो चाळणीला जोडावा, चाळणी दाराला आणि दार ध्वनिक्षेपकाला. चौथा खण दाराला जोडून चढ आणि विराम बदलून ऐकावा. मग तोच चाळणीला जोडून ऐकावा. एका वेळी एकच खुंटा फिरवावा आणि काय बदलले ते मुलांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावे. एकदम दहा तारा जोडू नयेत. दांड दहा ठिकाणी फोडला तर एकही आळे भिजत नाही.

आणि संगणक नसेल तर? तर घागर आहे, खंजिरी आहे, तोंड आहे. ऊ पासून ई पर्यंत वर्गातल्या चाळीस मुलांना एका स्वरात म्हणायला लावा आणि विचारा, काय बदलले, काय नाही बदलले. मृदंगाच्या कणकेचा गोळा लहान-मोठा करून ऐकवा. गावात एखादा म्हातारा पिंजारी अजून असेल तर त्याला शाळेत बोलवा, मानाने बसवा आणि त्याच्या पिंजणीचा टणत्कार मुलांना डोळे मिटून ऐकू द्या. मग त्यांना सांगा की विद्युत्-यंत्र करणाऱ्यांनी ज्याचा ध्यास घेतला, ते या बाबांच्या हाताला कधीचे माहीत होते.